बलाबुष्का, बहुतेक

२०१४ साली शिकागोजवळ नेपरव्हिलला ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरात एक अमेरिकन आजी एकट्याच राहायच्या. थंडीत त्यांच्या दारातला बर्फ मी बाजूला करून द्यायचो, बदल्यात अ‍ॅपल पाय यायचा. (बायकोचं म्हणणं, आधी आपल्या दारातला काढ.) मार्चमध्ये कळलं की आजी घर विकून मुलीकडे अ‍ॅरिझोनाला चालल्यात.

एका शनिवारी त्यांनी हाक मारली. डायनिंग टेबलावर एक लांबट, काळी, कोपरे झिजलेली केस होती. आत दोन तुकड्यांची जुनी पूल क्यू. "जॉर्ज बलाबुष्का," आजी हळूच म्हणाल्या. आपल्याकडे 'अस्सल पैठणी' म्हणताना आवाज जसा खाली येतो ना, अगदी तसं. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं म्हणे, की अडचण आली तर ही विक, छप्पर नवं करण्याइतके पैसे येतील. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि छप्पर खरंच गळत होतं. घर घेणाऱ्याने त्यापायी किंमत पाडून मागितली होती.

"तू इंजिनिअर आहेस आणि पूल खेळतोस. तुला शोधून काढता येईल."

आता इंजिनिअर म्हणजे मी जावावाला. आणि माझं पूल म्हणजे हिंजवडीला ऑफिसात बिल्ड चालू असताना खेळायचो तेवढंच. पण नाही म्हणवेना. केस घेऊन घरी आलो आणि पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले.

हा बलाबुष्का म्हणजे कोण, तर क्यू बनवणाऱ्यांमधला स्ट्रॅडिव्हेरियस. १९१२ साली रशियात जन्मला, १९२४ मध्ये घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आला. लाकडी खेळणी बनवायच्या कामावर होता. बँडसॉमध्ये बोटाचा तुकडा गेला, तर पठ्ठ्याने स्वतःच नकली बोट बनवून बसवलं! १९५९ मध्ये ब्रुकलिनला भागीदारीत पूल हॉल घेतला, तिथे क्यू दुरुस्त करता करता स्वतःच बनवू लागला. १९७५ मध्ये गेला, तोवर हजार-बाराशे क्यू झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. मग १९८६ साली स्कॉर्सेसीचा 'द कलर ऑफ मनी' आला. त्यात पॉल न्यूमन टॉम क्रूझला बलाबुष्का देतो आणि तिथून हे नाव पूल न खेळणाऱ्यांनाही माहीत झालं. गंमत म्हणजे सिनेमातली ती क्यू बलाबुष्का नव्हतीच. जॉस नावाच्या कंपनीची होती. खरी बलाबुष्का शूटिंगमध्ये आपटायला कोण देणार?

पहिल्या दिवशी मी केलं ते कुणीही करेल तेच. सही शोधली. नव्हती. मन खट्टू झालं. मग वाचता वाचता कळलं की बलाबुष्काच्या बहुतेक क्यूंवर सही नसतेच. उलट त्याच्या मागे, परवाना घेऊन, कारखान्यात त्याच्या नावाच्या क्यू निघाल्या, त्यांच्यावर त्याचं नाव असतं. म्हणजे नाव ठसठशीत दिसलं तर जास्त सावध व्हायचं. हे मला फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडे कमेंट नसलेला जुना कोड आला की कुणी लिहिलाय ते आम्ही असंच ओळखतो. लूप कसा लिहिलाय, व्हेरिएबलला काय नाव दिलंय. माणूस सही टाळू शकतो, सवय टाळू शकत नाही.

क्यूमध्ये ही सवय दिसते ती सांध्यात. क्यूच्या हातातल्या जाड भागावर, म्हणजे बटावर, जे लांब टोकदार त्रिकोण दिसतात त्यांना पॉइंट म्हणतात. ते रंगवलेले किंवा चिकटवलेले असतील तर विषय संपला. खरे पॉइंट म्हणजे लाकडातलं लाकूड. एक पद्धत अशी की दोन लाकडं पाचरींसारखी कापून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी बसवायची. दुसरीत पुढच्या लाकडात खोबणी काढून दुसरं लाकूड आत चिकटवायचं. दोन्हींत टोक सुईसारखं येतं. टोक गोलसर दिसलं तर काम बहुधा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, कारण तिचं फिरतं पातं गोल असतं, त्याला टोकदार कोपरा काढता येत नाही. म्हणजे क्यू अलीकडची.

आजींच्या क्यूची टोकं भिंगाखाली सुईसारखी होती. बोटं गुंतवल्यासारखा सांधा, कडेने रंगीत व्हिनिअरच्या बारीक रेघा. ही ब्रन्सविक कंपनीची 'टायटलिस्ट', पूल हॉलच्या भिंतीवर टांगलेली असायची ती एकसंध क्यू. आणि सुरुवातीच्या काळात बलाबुष्का तयार टायटलिस्टच कापून त्यांच्यापासून आपल्या क्यू बनवायचा! (पुढे तो बर्टन स्पेनचे आणि नंतर गस झाम्बोटीचे ब्लँक वापरू लागला.) त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "लाकूड आहे ना? मग झोप."

पण टायटलिस्ट कापून दोन तुकड्यांची करणं हा त्या काळी शेकडो जणांचा धंदा होता. म्हणजे माझ्या पुराव्याने 'असू शकेल' एवढंच ठरत होतं. आमच्या भाषेत, टेस्ट पास झाली, पण टेस्टच कच्ची.

तिसऱ्या शनिवारी शिकागोतल्या एका म्हाताऱ्या क्यू दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने पॉइंटांकडे पाहिलंसुद्धा नाही. क्यू उलटी केली आणि बटाच्या खालच्या अंगाला अंगठा फिरवला. तिथे झिजून गेलेल्या लेबलाचा डाग होता, 'बाल्के' एवढंच लागत होतं. ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर हे कंपनीचं १९६० पर्यंतचं नाव. मी खूश, म्हणजे काळ जुळतो. तो म्हणाला, "लेबल शिल्लक आहे, याचा अर्थ काय?"

अर्थ सोपा होता आणि मला दिसला नव्हता. बलाबुष्काने हे लाकूड घेतलं असतं तर लेथवर चढवून आपल्या मापाने तासलं असतं. लेबल पहिल्या फेरीत भुसा होऊन गेलं असतं. इथे कुणीतरी मधोमध कापून स्क्रू बसवला, मुठीला सुतळी गुंडाळली, बस. काम चांगलं होतं, पण कारागीर वेगळा.

मग त्याने केसच्या आतलं फाटलेलं मखमलीचं अस्तर उचकटलं. घडी घातलेली पावती निघाली. १९६८, शिकागोतलंच एक दुकान. 'सांधा, नवा शाफ्ट, गुंडाळी.' खाली आजींच्या नवऱ्याचं नाव. म्हणजे ही क्यू कापून घेतली होती खुद्द त्यांनीच. त्यांना माहीत होतं.

परत येताना ट्रेनमध्ये मी दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली. पावतीबद्दल बोलायचंच नाही, असंही ठरवलं. पण आजींनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "मग?" आणि मी सगळं सांगून टाकलं, पावतीसकट. काही हजार डॉलर नाही, फार तर काहीशे.

त्या पावतीकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षी आमचं लग्न झालं." पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो. पावती माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "हे तुझ्याकडेच ठेव. मला नकोय." पाय मिळाला नाही. त्याची अपेक्षाही नव्हती, पण कळलं.

दोन आठवड्यांनी सामानाचा ट्रक आला. जावई आला होता. मी खोकी उचलायला गेलो आणि धीर करून क्यूचं विचारलं. "विकली," तो म्हणाला, "चांगले आले."

"काय म्हणून विकली?"

"सासरे जे सांगायचे, तेच सांगितलं."

आजी ट्रकच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, बर्फाबद्दल आभार मानले.

ती क्यू आज कुणाकडे तरी बलाबुष्का म्हणून आहे. कधीतरी तो ती कुणा जाणकाराला दाखवेल, तो पॉइंट बघेल, बटावर अंगठा फिरवेल, अस्तरही उचकटून पाहील. पावती कोथरूडला माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या व्हिसाच्या कागदांत.