शेकोटीचा धूर

शेकोटीची ऊब सर्वांनाच हवी असते. धूर मात्र कुणालाच नको असतो. पण मला विचाराल, तर मी धुराचाच अधिक ऋणी आहे.

मंगळवेढ्याकडील आमच्या घरी वाटणी झाल्यापासून वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. पौषात अंगणात तुराट्या पेटल्या, की दोघे समोरासमोर बसत, मध्ये जाळ. एके रात्री वारा फिरला. डोळे चोळीत काका उठले आणि वडिलांच्या बाजूस आले. वडील मुकाट्याने थोडे सरकले. मग निखाऱ्यावर भाजलेले ज्वारीचे कणीस चोळून त्यांनी हुरड्याची मूठ काकांपुढे धरली.

आज दोघेही नाहीत. धाकट्या भावाचा आणि माझा दोन वर्षे अबोला आहे. तरीही यंदा पौषात मी गावी जाणार आहे. वाऱ्यावर माझा भरवसा आहे.