निळ्या पडद्याचं काय करायचं?

मुलांनो, माझा एक जुना विद्यार्थी, आता नववीत, विचारत होता, "गुरुजी, सी शिकायचंय. काय बसवू?" घरी जुना संगणक, इंटरनेट नाही. दादानं सुचवलं टर्बो सी. बोर्लंडचं, १९८७ चं, निळ्या पडद्याचं. आपल्या विदर्भातले कितीतरी जण नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' शेजारी उघडून त्यावरच शिकले. पण आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते डॉसबॉक्सच्या कुबड्यांशिवाय चालत नाही.

मी म्हटलं, साधं नोटपॅड आणि फुकटचं जीसीसी घे. एकात लिहायचं, दुसऱ्याकडून संगणकाच्या भाषेत भाषांतर करून घ्यायचं. दोन्ही कामं वेगवेगळी दिसतात, हेच मला आवडतं. आणि एकदा बसवलं, की इंटरनेट नको. आमच्या आमगावकडे हे मोठंच सुख!

पहिल्याच दिवशी पोरगं रडवेलं. पडद्यावर चांगल्या सात चुका! खरी एकच होती: वरच्या ओळीतला कंस बंद करायचा राहिला होता.