बॅकअप घेतलाय ना?

मार्चच्या शेवटच्या दिवशी बँकेत काम करणाऱ्यांच्या घरी रात्रीची पानं उशिराच वाढली जायची. 'इयरली क्लोजिंग' म्हटलं की कुणी पुढे काही विचारायचं नाही. ऐंशीच्या दशकात शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग संगणक आले, आणि त्यांच्या मागोमाग काही घरांत एक नवी वस्तू आली: रबरबँड लावलेला फ्लॉपींचा गठ्ठा. दिवसाचं काम आटोपलं की खात्यांची प्रत फ्लॉपीवर घ्यायची आणि एक संच शाखेबाहेर ठेवायचा, अशी काही ठिकाणी पद्धत होती. शाखेबाहेर म्हणजे कुठे, तर एखाद्या अधिकाऱ्याच्या घरी, गोदरेजच्या कपाटात, एलआयसीच्या पॉलिशींच्या कप्प्यात. त्या कप्प्याजवळ लोहचुंबक न्यायचं नाही एवढं आम्हां पोरांना पक्कं ठाऊक होतं. का, ते विचारायची सोय नव्हती.

पुढे जगात कुणीतरी ३१ मार्च हाच 'जागतिक बॅकअप दिन' ठरवून टाकला. एक एप्रिलला मूर्ख ठरायचं नसेल तर आदल्या दिवशी शहाणे व्हा, असा त्यामागचा विचार. त्यांना आपल्या क्लोजिंगची खबर असण्याचं कारण नव्हतं, पण आमच्या घरांपुरती तारीख अगदी नेमकी पडली.

"बॅकअप घेतलाय ना?" हा प्रश्न आमच्या पिढीनं आधी वडिलांच्या तोंडून ऐकला आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. मोठी फाइल असली की पीकेझिप नाहीतर एआरजेनं तिचे तुकडे करायचे आणि एकामागून एक फ्लॉपीवर भरत जायचे. भरताना सगळं सुरळीत. परत उलगडायला बसलं की मधलीच एखादी फ्लॉपी करकरायला लागायची आणि पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' असे तीन पर्याय यायचे, ज्यांतला एकही कामाचा नसे. मधला तुकडा गेला की आधीचे आणि नंतरचे तुकडे असून नसून सारखेच. पण याचा धडा असा कुणी घेतला नाही. पुढच्या वेळी जरा चांगल्या कंपनीच्या फ्लॉप्या आणल्या, इतकंच.

मग लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक घरात आला. त्याला प्लॅस्टिकचं आवरण, शेजारी यूपीएस, आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणारा कॉम्प्युटरवाला. त्याचं औषध एकच: फॉरमॅट मारू या. 'डी ड्राइव्हवर हलवून घ्या' म्हणाला की घरात धावपळ व्हायची, कारण डेस्कटॉपवर काय काय पडलंय हे कुणालाच आठवत नसे. हुशार कॉम्प्युटरवाले घोस्ट नावाचं सॉफ्टवेअर बाळगून असत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेकनं विकत घेतलं. अख्ख्या डिस्कची, विंडोजसकट, एकच फाइल करून ठेवायची आणि यंत्र बिघडलं की ती परत ओतायची. फाइल जपण्याऐवजी यंत्रच जपायचं, ही कल्पना आमच्या घरांत अशी मागच्या दारानं आली. आज क्लाउडवर व्हर्च्युअल मशीनची इमेज घेतात ती याच जातीची.

या कल्पनेची खरी किंमत मराठी घरांना कळली ती कुलवृत्तांतापायी. नव्वदच्या दशकात किती घराण्यांनी कुलवृत्तांत काढले! निवृत्त झालेले काका गावोगाव हिंडून माहिती गोळा करत, कुणीतरी ती टाइप करी. सॉफ्टवेअर श्रीलिपी, आयएसएम किंवा तसंच काहीतरी. युनिकोड अजून घरात पोचायचा होता. सगळं सीडीवर घेतलं, वर मार्करनं 'कुलवृत्तांत - अंतिम' लिहिलं, म्हणजे काम झालं. वीस वर्षांनी पुतण्यानं सीडी लावली. ती वाचली गेली, फाइल उघडली, एक अक्षरही हरवलेलं नव्हतं, आणि पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस. प्रत शाबूत, वाचणारा फाँट गायब. काहींकडे जुनी हार्डडिस्क उरली होती. त्यांनी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये उतरवून घेतली: विंडोज ९८, तो फाँट, ते पेजमेकर, सगळं एका फाइलीत. (त्यातही प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप मागणारी सॉफ्टवेअरं होतीच. ते कुलूप ज्यांनी टाकून दिलं नव्हतं त्यांचं भलं झालं.)

दुसरी गोष्ट शिकवली ती पाण्यानं. आमच्या आधीच्या पुणेकर पिढीकडे १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेलेल्या कागदांच्या कहाण्या होत्या. आमच्या वाट्याला २६ जुलै २००५ आली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुर्ला-कलिन्याच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. संगणकाचा डबा टेबलाखाली आणि बॅकअपच्या सीड्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकदमच भिजले. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर ठेवा, एक दुसऱ्या जागी ठेवा, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम आम्ही नंतर वाचला. फ्लॉपी घरी घेऊन येणारे बँकवाले त्यातला तिसरा भाग कधीपासून पाळत होते.

तोवर आमच्यातले बरेच जण हिंजवडीला, ऐरोलीला आयटी कंपन्यांत रात्रपाळीत बसायला लागले होते. तिथं टेप फिरवायची पद्धत होती, तिचं नाव 'ग्रँडफादर-फादर-सन': रोजची टेप म्हणजे मुलगा, आठवड्याची म्हणजे बाप, महिन्याची म्हणजे आजोबा. त्या घराण्यात आजीला जागा नव्हती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. २००६ मध्ये ॲमेझॉननं आधी साठवण आणि मग यंत्रंच भाड्यानं द्यायला सुरुवात केली. टेपची खोली हळूहळू रिकामी झाली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुण्यात डेटा सेंटर उघडून त्या विभागाचं नाव 'मध्य भारत' ठेवलं. पुणेकरांना त्यात दुरुस्ती सुचवावीशी वाटली नसावी. पुढच्याच वर्षी ॲमेझॉन मुंबईत आलं.

आता एक बटण दाबलं की भाड्याच्या यंत्राच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत. पहिल्यांदा अख्खी डिस्क, पुढच्या वेळी फक्त बदललेले भाग, त्यामुळे रोज घेतला तरी जागा बेतानंच लागते. इतकं सोपं झाल्यावर बॅकअप घेण्याबद्दल कुणी बोलेनासं झालं, आणि नेमके तिथेच खड्डे आहेत. चालू यंत्राचा नुसता स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी लाइट गेले असते तर डिस्कवर जे उरलं असतं तेच. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. डेटाबेसला क्षणभर थांबवून, हातातलं लिहून घ्यायला लावून मग टिपलं तर ते धड उठतं. स्नॅपशॉटमधून नवी डिस्क लगेच उभी राहते, पण ॲमेझॉनकडे तिचा एकेक भाग पहिल्यांदा मागितला की मगच दूरच्या साठ्यातून येतो. म्हणून परत आणलेलं यंत्र सुरुवातीला कुंथत चालतं. स्वस्तातल्या संग्रहात टाकलेला स्नॅपशॉट परत यायला तर एक ते तीन दिवस लागू शकतात. हे भाव ठरवताना कुणी वाचत नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत थकलेल्या अभियंत्यानं रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या आणि एकामागून एक निकामी निघाल्या. रोज होणारी प्रत सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यानं बरेच दिवस घेतलीच जात नव्हती, आणि तसं कळवणाऱ्या ईमेलीही पोचत नव्हत्या. त्यांना वाचवलं ते कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं. कंपनीनं हे काहीही न लपवता जगासमोर मांडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

जपण्यात आमची घरं पहिल्यापासून तरबेज. उघडून बघण्यात मात्र आमची पिढी कच्ची निघाली, आज्या तशा नव्हत्या. पावसाळा सरला की पैठणी ट्रंकेतून निघायची, वाऱ्यावर धरली जायची आणि घडी मोडून निराळी घातली जायची, कारण तीच घडी वर्षानुवर्षं राहिली तर जर तिथेच चिरते. आमच्या सीड्यांची घडी कुणी मोडली नाही. धंद्यात आता अशी उघडून बघण्याची सक्ती आली आहे. २ मार्च २०२४ च्या शनिवारी मुंबईच्या दोन्ही मोठ्या शेअर बाजारांनी मुद्दाम खास सत्र ठेवलं आणि मधेच सगळा कारभार पर्यायी केंद्रावर हलवून खरे सौदे चालवून पाहिले.

घरात अशी सक्ती करणारं कुणी नाही. आता फोटो, कुलवृत्तांताचं पीडीएफ, घराचे स्कॅन केलेले कागद, सगळं क्लाउडमध्ये आणि खातं वडिलांच्या नावावर. ओटीपी जाणार वडिलांच्या नंबरवर. ते गेल्यावर काही महिन्यांत कुणीतरी म्हणतं, रिचार्जचे पैसे उगाच कशाला, आणि नंबर बंद होतो. गूगलनं २०१३ पासून, ॲपलनं २०२१ पासून आपल्या मागे खातं कुणी उघडायचं ते आधीच नेमून ठेवायची सोय दिली आहे. एफडीला नॉमिनी लावलाय की नाही हे तीनदा तपासणाऱ्या घरांतही हा रकाना बहुधा रिकामाच असतो. काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण ते वडिलांना शेजारी बसवूनच करावं लागतं, आणि आधी "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही" हे त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.