घड्याळ दिसलंच नाही

'लुडम डेअर' ही २००२पासून चालत आलेली गेम बनवण्याची स्पर्धा. एकट्यानं केला तर ४८ तास, गटानं केला तर ७२. मग स्पर्धकच एकमेकांचे गेम खेळून गुण आणि अभिप्राय देतात. माझ्या भाच्यानं मित्राबरोबर त्यात कोड्यांचा एक छोटा गेम टाकला. बंद वाडा, पाच खोल्या, एक किल्ली.

बहुतेकांनी लिहिलं, 'छान'. (शिक्षकाच्या लाल पेनातला सगळ्यात स्वस्त शेरा हाच.) एकानं मात्र लिहिलं, दुसऱ्या खोलीत वीस मिनिटं फिरलो, घड्याळाला हात लावता येतो हे कळलंच नाही, सोडून दिला. भाचा चिडला. "मामू, काटे थांबलेत, दिसत नाही का त्याला?"

दिसणार कसं? उत्तर ठाऊक असलेल्याला प्रत्येक खूण ठळकच दिसते. पेपर काढणाऱ्यालाही आपला पेपर सोपा वाटतो. त्यात तीन दिवसांच्या धावपळीत गेम दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बघत बसायला सवड कुठली? ते काम या अनोळखी माणसानं केलं.

भाचा त्याला खुलासा लिहायला बसला होता. मी म्हटलं, "खुलासा गेमच्या आत घाल. प्रत्येकाच्या शेजारी तू बसणार आहेस का?"

आता काटे थांबलेलेच आहेत, पण जवळ गेलं की टिकटिक ऐकू येते. त्या खेळाडूला हे कळवायचं मात्र तो अजून टाळतोय.