खाडे

गिरणगावात खानावळी चालवलेल्या स्त्रियांशी बोलून एक पॉडकास्ट-मालिका करावी असे आम्ही तिघांनी ठरवले, तेव्हा अंदाजपत्रकात ध्वनिमुद्रण, प्रवास आणि आरंभीचे संगीत एवढेच मांडले होते. बोललेले लिहून काढण्यालाही पैसे पडतात, हे ध्यानीच आले नाही. ऐकण्याची वस्तू लिहायची कशाला, असेही वाटले असावे. पण जे लिहिलेले नाही ते शोधता येत नाही, ऐकू न येणाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि संपादनाला बसल्यावर आपले आपल्यालाच सापडत नाही.

चौदा जणी, प्रत्येकीची सुमारे ७५ मिनिटे. म्हणजे १,०५० मिनिटे. लेखनाचे काम करणाऱ्या ताईंनी मिनिटाला २० रुपये सांगितले. दर अवाजवी नव्हता. तासाभराचे बोलणे उतरवायला सरावलेल्या हातालाही चार-पाच तास लागतात. दोघी एकदम बोलल्या किंवा मागे कुकर वाजला की अधिकच. एकूण २१,००० रुपये. वर्गणीतून जमलेले होते १२,०००.

आम्ही 'व्यवहारी' तोडगा काढला. ज्यांचे बोलणे स्वच्छ, प्रमाण मराठीच्या जवळचे, अशा आठ जणींचे लेखन ताईंकडे. मालवणीत भरभर बोलणाऱ्या उरलेल्या सहा जणींचे यंत्राकडे. ६०० मिनिटे, १२,००० रुपये, हिशेब चोख. यंत्राला सर्वांत कमी कळणाऱ्या स्त्रियाच आपण यंत्राच्या हवाली केल्या, हे तेव्हा कुणाला खटकले नाही.

काम सुरू व्हायच्या आत त्या सहांपैकी लालबागच्या आजी वारल्या. आजी काय बोलली ते लिहून मिळेल का, असे नातवाने विचारले. आम्ही यंत्राने दिलेला मजकूर उघडला. त्यात पानोपानी 'खड्डे' होते. रस्त्यांविषयी तर आजी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आम्ही ओशाळून ध्वनिमुद्रण ताईंकडे पाठवले. त्या मूळच्या कुडाळच्या, त्यांनी पहिल्याच ऐकण्यात सांगितले, "खड्डे नव्हेत हो, खाडे."

खाडा म्हणजे खाणावळ्याचा न जेवल्याचा दिवस. महिनाअखेर पगार झाला की खाडे वजा करून पैसे घ्यायचे, ही खानावळीची रीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबले. उधारी वाढेल म्हणून माणसे जेवायला येण्यास संकोचू लागली. आजी त्यांना बोलावून वाढत आणि वहीत त्या दिवसाचा खाडा मांडत. "जेवले तरी मी खाडोच मांडलंय," एवढेच त्यांचे वाक्य. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच, सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या खानावळवाल्यांसाठी. त्यांपैकी एकीने हा तोटा कसा पोटात घातला, ते त्या वाक्यात होते. आणि ते वाक्य आम्ही काटकसरीच्या रकान्यात टाकले होते.

मग अंदाजपत्रक उलटे केले. मालवणीतल्या ४५० मिनिटांचे लेखन पूर्ण दराने ताईंकडे : ९,००० रुपये. उरलेल्या ६०० मिनिटांचा यंत्राने कच्चा खर्डा करायचा आणि ताईंनी तो १० रुपये दराने सुधारायचा : ६,०००. वरचे ३,००० संगीत आणि एक नवा माइक गाळून उभे केले. निव्वळ पाच मिनिटांचा नमुना आधी ताईंना ऐकवला असता, तर हे शहाणपण आरंभीच आले असते.

काम संपल्यावर ताईंचे बिल आले ते १३,५०० रुपयांचे. लालबागच्या आजींच्या ७५ मिनिटांपुढे रकमेऐवजी एकच शब्द होता : खाडा.

तो वाचून आम्ही काही वेळ गप्प राहिलो. मोह अर्थातच झाला. १,५०० रुपयांत माइक आला असता. पण आजींनी मांडलेला खाडा त्यांच्या स्वतःच्या वहीत होता. ताईंचा खाडा आमच्या वहीत जमा करून घेणे ही निराळी गोष्ट. अंदाजपत्रकात ज्या श्रमांना ओळ नसते, ते श्रम कुणाच्या तरी पदरचे होतात, आणि बहुधा ते पदर असेच असतात. आम्ही पूर्ण रक्कम पाठवली. पुढच्या मालिकेच्या कागदावर आता पहिली ओळ लेखनाची आहे. संगीत सर्वांत खाली, उरले तर.