अण्णांसाठी कॅमेरा

लहान मुलांना भेट देणे सोपे, पत्नीला देणे जोखमीचे आणि आईवडिलांना देणे सर्वांत अवघड. मुलाला काय हवे ते तो दुकानासमोर फतकल मारून जाहीर करतो. पत्नीला काय हवे ते तिने सहा महिने आधीपासून शेजारणीच्या नावाने सुचवलेले असते. आईवडील मात्र "आम्हांला आता काय हवंय?" एवढे एकच वाक्य बोलतात आणि आपण ते खरे मानून शाल आणतो. मराठी घरातील कोणत्याही वृद्ध माणसाचे कपाट उघडून पाहावे. त्यात जितक्या शाली निघतील तितकी थंडी नाशकातसुद्धा पडत नाही!

आमच्या अण्णांनी 2019 साली हा शिरस्ता मोडला. त्या वर्षी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. दिवाळीला आम्ही तिघे भावंडे नाशिकरोडच्या घरी जमणार होतो. काय आणू म्हणून मी सवयीने विचारले, तर अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एखादा कॅमेरा मिळाला तर बघ. आजकालचा. रोळ नसलेला."

आई पोळी लाटता लाटता थांबली. "कॅमेरा? आणि तो कशाला यांना? त्यापेक्षा गॅलरीला जाळी लावून घ्या म्हणावं. कबुतरं किती त्रास देतात!"

आईच्या आश्चर्याला कारण होते. अण्णा 1966 साली नोकरीला लागले आणि 2004 साली निवृत्त झाले, ते एकाच ठिकाणाहून : प्रेसमधून. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहेत' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र गृहस्थ वर्तमानपत्रात असतील असे वाटते आणि ते राजकारणावर बोलू लागतात. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 साली येथे सुरू झाली, शेजारची नोटांची प्रेस 1928 साली. देशाची टपाल तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट, नोटा ही सारी आमच्या गल्लीतल्या लोकांच्या हातांखालून गेलेली. अण्णा तिकिटांच्या तपासणीवर होते. भिंग डोळ्याला लावायचे आणि छापलेल्या तावात काही वाकडे गेले आहे का ते शोधायचे, हे त्यांचे आयुष्य. 1854 साली कलकत्त्यास छापलेल्या चार आण्यांच्या एका तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचे डोके उलटे छापले गेले. त्या चुकीसाठी आज संग्राहक डोळे पांढरे होतील अशी किंमत मोजतात. अण्णांजवळ हा विषय निघाला की त्यांना किमतीचे कौतुक नसे. "तपासणीला कोण होता?" एवढेच ते विचारीत.

अशा जागी कॅमेऱ्याला अर्थातच मज्जाव. त्यामुळे ज्या माणसाने अडतीस वर्षे चित्रे पाहिली, त्याचे काम करतानाचे एकही चित्र आमच्या घरात नाही. घरात एक अग्फा क्लिक होता, एका रोळात बारा फोटो देणारा. तो मुंजीला, वणीच्या गडाला आणि मुक्तिधामला पाहुणे न्यायचे असले की बाहेर निघे. त्याच्यासमोर दहा पावलांवर उभे राहायचे आणि श्वास रोखायचा. जवळ गेले की चित्र पुसट. कॅमेरा म्हणजे लांबून पाहण्याची वस्तू, अशी आमच्या घरची समजूत त्यानेच करून दिली.

मग आमची गृहसभा भरली, अर्थात फोनवर. बंगळूरच्या थोरल्या भावाने सांगितले की, घ्यायचा तर मोठाच घ्यावा, भिंगे बदलता येणारा. त्याने पाठवलेल्या कॅमेऱ्याचे वजन पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हा गळ्यात घालून मामंजी उभे राहिले तर पुढे झुकतील." सिंगापूरच्या धाकट्या बहिणीचे मत पडले की, कॅमेऱ्याचे दिवस संपले, चांगला फोन द्यावा. सौंचे मत, म्हाताऱ्या माणसाला सोपे काहीतरी असावे, एका बटणाचे. मौज अशी की, तिघांचेही म्हणणे शहाणपणाचे होते आणि अण्णांना काय पाहायचे आहे, हा प्रश्न तिघांनीही काढला नव्हता.

दुकानदारही तो विचारीत नाही. मी नाशकात एका दुकानात गेलो. कपाटात कॅमेरे थोडे आणि धूळ पुष्कळ. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2010 साली जगात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि 2019 साली अवघे दीड कोटी. मधल्या काळात फोनने तो बाजार गिळून टाकला होता. दुकानदाराने मोठ्या उमेदीने दोन आकडे माझ्यापुढे टाकले : मेगापिक्सेल इतके, झूम इतका. जुन्या काळी स्थळ सांगून आलेल्या मुलाचे वय आणि पगार सांगत, तसेच हे. दोन्ही आकडे खरे असतात आणि त्यांवरून संसाराची काहीच कल्पना येत नाही.

घरी येऊन मी अण्णांना विचारले, "तुम्हांला फोटो कशाचे काढायचे आहेत?"

"फोटो काढायचे आहेत असं नाही," ते म्हणाले. "पाहायचं आहे."

आणि मग हळूहळू सारे बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. मोतीबिंदू डोळ्यांवर पिवळट पडदा धरतो आणि निळा रंग अडवतो. तो निघाला तेव्हा अण्णांना आकाश पुन्हा निळे दिसले आणि ते चार दिवस लहान मुलासारखे गच्चीवर जाऊन बसत. पण त्याच वेळी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. नेत्रपटलाचा मधला भाग, ज्याने आपण बारीक पाहतो, तो झिजत चालला आहे. हे काम सावकाश चालेल, पण उलटे फिरणार नाही. कडेचे दिसत राहील, मधले पुसट होत जाईल. दारात कोणी आले आहे हे कळेल, पण त्याचा चेहरा ओळखणे अवघड होत जाईल. हे त्यांनी आईला सांगितले नव्हते. आयुष्यभर ज्या डोळ्याने भाकरी मिळवली, त्याच डोळ्याचा नेमका कामाचा तुकडा जायचा होता. भिंग आता पुरत नव्हते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर वस्तू मोठी दिसते, हे त्यांनी कोणाच्या तरी लग्नात पाहून ठेवले होते आणि तेवढ्यावरून मनाशी हिशेब मांडला होता.

ते ऐकल्यावर बाकीची निवड अवघड राहिली नाही. गंमत म्हणजे कॅमेऱ्याचे अंतरंग मी अण्णांना समजावून द्यायला बसलो आणि ते त्यांनीच मला समजावून दिले. 1952 सालच्या 1 ऑक्टोबरला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची सहा तिकिटे निघाली. ती आमच्या प्रेसमध्ये फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापली होती. या पद्धतीत तांब्याच्या रुळावर चित्राचे हजारो बारीक खळगे होतात. खळगा खोल असेल तर शाई जास्त आणि छटा गडद. उथळ असेल तर छटा फिकी. मी म्हणालो, "कॅमेऱ्यातही तसेच सूक्ष्म खळगे असतात, पण ते शाईऐवजी उजेडाने भरतात."

"म्हणजे मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख खळगे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. चार बाय सहा इंचांचा फोटो, इंचाला तीनशे ठिपके. बाराशे गुणिले अठराशे, एकवीस लाख साठ हजार. मोठ्या कागदाला, ज्याला कचेरीत ए-फोर म्हणतात, सुमारे सत्त्याऐंशी लाख. "मग तो दुकानदार दोन कोटी कशाला विकतो? आणि एवढे खळगे तो मावतो कशात?"

मावतात बोटाच्या नखाहून लहान जागेत. खिशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती पट्टी सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते. तेवढ्याच जागेत खळगे वाढवायचे तर ते बारीक करावे लागतात, प्रत्येकात उजेड कमी जमतो आणि संध्याकाळच्या चित्रात वाळू सांडल्यासारखे दिसते. झूमचेही तेच. भिंग सरकवून वस्तू जवळ आणतो तो खरा; चित्राची कड कापून मधला भाग ताणतो तो नुसती कात्री आहे. अण्णांना तर दोन्ही नको होते. लांबचे जवळ आणण्यात त्यांना रस नव्हता. जवळचे आणखी जवळ हवे होते. म्हणून मी शोधला तो आकडा दुकानदार कधी सांगत नाही : वस्तू भिंगापासून किती जवळ धरता येते?

ऑलिंपसचा त्याच वर्षी निघालेला टीजी-6 हा कॅमेरा खरे म्हणजे पाणबुड्यांसाठी आणि डोंगर चढणाऱ्यांसाठी. बारा मेगापिक्सेल आणि चौपट झूम, म्हणजे दुकानातल्या आकड्यांच्या शर्यतीत शेवटचा. पण तो भिंगापासून एका सेंटीमीटरवरचे स्पष्ट टिपतो. शिवाय त्याला दाबता येतील अशी खरीखुरी बटणे आहेत. म्हाताऱ्यांच्या कोरड्या बोटांना काचेचे पडदे दाद देत नाहीत, हे फोनवाल्यांनी ध्यानात घ्यावे. बहिणीने तो सिंगापूरहून आणला. सोबत मी वीतभर उंचीची तिपाई घेतली, कारण इतक्या जवळून हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी टिपण्याची सोय लावून दिली, म्हणजे दाबताना बसलेला धक्का विरून जातो. एक तार टीव्हीला जोडली. तेवढ्याने दोन सेंटीमीटरचे तिकीट पडद्यावर तीसपटींहून मोठे झाले आणि कबिराच्या मालिकेतली छटान् छटा भिंतीएवढी दिसू लागली. ही तिकिटे अण्णांनी एका संग्राहकाकडून रोख पैसे मोजून घेतलेली. प्रेसचा माणूस या बाबतीत फार कडक असतो.

तिकिटे आठवडाभर चालली. मग एके दुपारी आई मेथी निवडत होती. अण्णांनी तिला हात खिडकीपाशी ठेवायला सांगितला आणि तिच्या तर्जनीचे टोक टिपले. टीव्हीवर ते उमटले तेव्हा आम्ही सारे गप्प झालो. विळीच्या जुन्या चिरा, एकीवर एक, बारीक आणि काळसर, शेतातल्या नांगरटीसारख्या. बाजूला एक जुना पोळल्याचा डाग. पंचावन्न वर्षांचा स्वयंपाक त्या बोटावर छापलेला होता आणि तो ताव कोणीच तपासला नव्हता.

"अहो, चेहरा सोडून बोटाचा फोटो काढतात का कोणी?" आई म्हणाली. अण्णा पडद्यासमोर गेले, मान थोडी तिरकी केली आणि बराच वेळ पाहत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी तिला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. आईने ऐकून घेतले, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच त्यांच्यापुढे काहीबाही आणून ठेवू लागली : प्राजक्ताचा देठ, मुंगीने सोडलेला साखरेचा कण, मोहरी, पानावरची कीड.

याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, 1870 साली दादासाहेब फाळके जन्मले. 1912 साली त्यांचा कॅमेरा लंडनहून आला, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी चित्रण केले ते कुंडीतल्या वाटाण्याचे. रोज थोडे थोडे टिपून त्यांनी अंकुराचा वेल होताना दाखवला आणि त्या चित्रावर भांडवल उभे केले. त्याआधी चित्रपटाच्या ध्यासात त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. डोळे परत मिळालेल्या माणसाने पहिल्याने वाटाणा पाहिला, ही गोष्ट अण्णांना फार आवडते.

आता अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. मधला ठिपका वाढला आहे. पेपर आई वाचून दाखवते. कॅमेरा मात्र रोज दुपारी खिडकीपाशी असतो. काढलेली चित्रे ते बहुधा पुसून टाकतात, आणि "ठेवा ना, पुढे आठवण राहील," असे आम्ही कितीही म्हटले तरी ऐकत नाहीत. आठवणीची काळजी मागे राहणाऱ्यांनी करावी, त्यांना आज पाहायचे आहे. आईवडिलांना भेट देताना आपण बहुधा आपल्यासाठी मागे उरेल अशी वस्तू शोधतो, फोटोंचा आल्बम, चांदीचे तबक, नाव कोरलेले काहीतरी. त्यांचा स्वतःचा मात्र अजून बराच दिवस बाकी असतो आणि त्यात पाहायचे पुष्कळ राहिलेले असते.

तेव्हा या दिवाळीला कोणी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी कॅमेरा घेणार असेल, किंवा चष्मा, रेडिओ, काठी, काहीही, तर दुकानात जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ तासभर बसावे. "काय हवे?" असे विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले आहे. "सध्या काय पाहता? काय दिसेनासे झाले आहे?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत उठू नये. गॅलरीची जाळीही आम्ही त्याच आठवड्यात लावून घेतली. आईचे म्हणणे असे की, घरात उपयोगाची वस्तू तीच.