घोडनदी, दहा मिनिटं

‘शिरूर’ हे कागदावरचं नाव. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, एसटीच्या पाटीवर शिरूर. आजीच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत घोडनदीच. पुण्याहून नगरकडे जाणारी एसटी गावात शिरली की कंडक्टर घंटीची दोरी एकदाच ओढायचा आणि खड्या आवाजात सांगायचा, “घोडनदी, दहा मिनिटं!” त्या दहा मिनिटांची पंधरा आणि पंधराची वीस व्हायची. ड्रायव्हर चहाला गेला की कोण घड्याळ बघतंय! पेरूवाले, शेंगावाले खिडक्यांना लटकायचे. कुणी बाई उतरून घाईघाईनं हलवाई चौकापर्यंत जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन यायची आणि अख्खी गाडी तिच्यासाठी खोळंबायची. आमची पेठ उभी राहिली ती या खोळंब्यावर, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. पुढे थोडं वाचन झालं आणि ते मत पक्कंच झालं.

इथे पहिल्यांदा मुक्कामाला थांबली ती पलटण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी घोड नदीच्या काठी छावणी टाकली. 31 डिसेंबर 1817च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली ती इथूनच, आणि कोरेगावची लढाई तिला वाटेत गाठली. छावणी म्हटली की दाणावैरण आली, किराणा आला, कापड आलं, नालबंद आला, सराफ आला आणि सावकारही आला. फौज गेली, पण दुकानं राहिली. त्या फौजेतला एक साहेबही इथेच राहिला. कर्नल वॉलेस 1809 साली वारला आणि लोकांनी त्याला ‘सतपुरुष’ करून टाकलं. 1885च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात त्याच्या थडग्याला नवस बोलण्याची, सुगीचं पहिलं धान्य वाहण्याची नोंद आहे. इंग्रज साहेबाला बाजरीचा नैवेद्य! थांबलेल्या माणसाला आमचं गाव असं सामावून घेतं.

माझ्या आठवणीतली पेठ सत्तरच्या दशकातली. वडील तहसील कचेरीत कारकून होते आणि आम्ही सरदार पेठेच्या मागच्या अंगाला एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. शनिवार बाजाराचा. शुक्रवारी रात्रीच बैलगाड्या यायला लागायच्या. झोपेत घुंगरं ऐकू यायची आणि पहाटे उठावं तो सगळ्या रस्त्याला मिरचीचा, गुळाचा आणि शेणाचा एकत्र वास. त्या वासाचं अत्तर कुणी काढलं तर मी आजही विकत घेईन. बायको घरात ठेवू देणार नाही, ती गोष्ट वेगळी.

दिवाळीत मात्र पेठ निराळी दिसायची. मारवाडी दुकानदार गाद्यांना पांढरीशुभ्र खोळ चढवायचे, दारात झेंडूच्या माळा लागायच्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या लाल चोपड्या मांडल्या जायच्या. रोजमेळ, खतावणी, प्रत्येकीवर कुंकवाचं स्वस्तिक. वडिलांचं बोट धरून मी दुकानादुकानांतून फिरायचो. बत्तासे आणि लाह्या मिळायच्या. एका शेठजींकडे तर साखरेचा आख्खा हत्ती मिळायचा. चोपडी म्हणजे साखरेचा हत्ती देणारं पुस्तक, एवढंच मला ठाऊक.

कॉलेजात इतिहासाच्या तासाला दख्खनचे दंगे शिकताना मी बाकावर एकदम ताठ झालो. मास्तर सांगत होते ते करडे आमच्या तालुक्यातलं! तिथे 1874च्या डिसेंबरात कर्जापायी जमीन जाण्याची वेळ आली तेव्हा गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना, गडी कामाला येईना. शेवटी ते सावकार पोलिसांच्या बंदोबस्तात बिऱ्हाडं घेऊन तालुक्याच्या गावी, म्हणजे शिरूरला आले. पुढच्या मे महिन्यात सुप्याला भर बाजारात उठाव झाला आणि गावोगाव रोखे, खतं, चोपड्या जाळल्या गेल्या. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या सुट्टीत मी पेठेत गेलो तेव्हा ओळीतल्या गाद्यांकडे पाहत राहिलो. यातली कुठली गादी करड्याहून आली असेल? विचारायचं धाडस झालं नाही. शेठजींनी नेहमीसारखा हत्ती पुढे केला. एकोणिसाव्या वर्षी मी तो घेतला, आणि खाल्लासुद्धा.

आजोळ दौंडला. शिरूरला रेल्वे नाही, म्हणून उन्हाळ्यात न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून, चौफुल्यामार्गे एसटीनं जायचं. चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्या दिसू लागल्या की आई मला विरुद्ध बाजूच्या खिडकीतलं काहीतरी दाखवायची. तिथे बहुतेक वेळा एखादी म्हैस असायची.

दौंड आमच्या घोडनदीहून अगदी वेगळं. मामा लोकोशेडमध्ये होता आणि ते गावच मुळी भोंग्यावर उठायचं-बसायचं. स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर तेलुगू, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा चार भाषा पाच मिनिटांत कानी पडायच्या. रेल्वेच्या अँग्लो-इंडियन घरांतून नाताळला केकचा वास यायचा. कुरकुंभ मोरीत बैलगाडी, ट्रक आणि लग्नाची वरात एकाच वेळी अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. वाजंत्रीवाले तेवढे शहाणे, त्यांनी तिथेच दोन गाणी वाजवून घेतली.

या गावाचं नशीब 1878 साली उघडलं. दुष्काळाच्या कामावर राबलेल्या माणसांनी मातीकाम केलेला दौंड-मनमाड मार्ग त्या वर्षी सुरू झाला. पुढे बारामतीची छोटी गाडीही आली. नगरचा जो माल आमच्या पेठेवरून बैलगाडीनं पुण्याला जायचा, तो आता रुळांवरून दौंडला उतरू लागला. म्हणजे आईच्या माहेरानं बाबांच्या गावाचं गिऱ्हाईक पळवलं. हा मुद्दा बाबा जेवताना दर वर्षी काढायचे आणि आई दर वर्षी आणखी एक पोळी वाढून तो मिटवायची.

दौंडचा थांबा तर आमच्याहून पक्का. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला उलटी फिरायची. पुढचं इंजिन सोडायचं, ते मागे आणून जोडायचं. वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. तेवढ्यात चहा, वडे, पुऱ्या, द्रोणातली अंजिरं. वडिलांची बदली पुण्याला झाल्यावर आम्ही कोपरगावच्या मावशीकडे याच गाडीनं जायचो आणि मामा पितळी डबा घेऊन फलाटावर उभा असायचा. आईला गाडीच्या उलट दिशेला तोंड करून बसलं की मळमळायचं. त्यामुळे इंजिन लागल्याचा धक्का बसला की ती समोरच्या बाकावरच्या माणसाला म्हणायची, “दादा, आता तुम्ही इकडे या.” कुणी कधी नाही म्हटलं नाही. दौंडला अर्धा डबा असाच उठून जागा बदलायचा.

शिरूरला पुढे बायपास झाला. ट्रक बाहेरून जातात, रांजणगावच्या एमआयडीसीच्या बसगाड्याही. पेठेत आता रस्ता ओलांडता येतो, ही सोय म्हणायची. दुकानं काचेची झाली, गाद्यांच्या जागी फिरत्या खुर्च्या आल्या. मागच्या दिवाळीत एका दुकानात संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू लावलेलं पाहिलं. शेजारी एकच लाल चोपडी, कोरी. हत्तीऐवजी चॉकलेट मिळालं.

दौंडलाही गावाबाहेरून कॉर्ड लाईन टाकली. पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या कितीतरी गाड्या आता मुख्य स्टेशनात न शिरता परस्पर वळतात. इंजिन फिरवायचा प्रश्नच उरला नाही. परवा आईला मावशीकडे घेऊन निघालो होतो. केडगाव गेलं, पाटस गेलं. आईनं पिशवी आवरली, चष्मा डब्यात ठेवला आणि आधाराला दांडी धरून उठली. समोर कानात वायरी घातलेला एक पोरगा बसला होता. “दादा, आता तुम्ही इकडे या,” ती म्हणाली.

“अगं आई, बस. आता इंजिन फिरत नाही.”

तोवर पोरगा उठलाही होता. आई त्याच्या जागेवर जाऊन बसली. गाडी वळणावरून सरळ पुढे गेली आणि ती मागे जाणाऱ्या दौंडकडे तोंड करून कोपरगावपर्यंत तशीच बसून राहिली. मळमळतंय का विचारलं, तर नाही म्हणाली.